ओट्यावरचं बोलणं

माझ्या विभागात येणारी माणसं एक तर फार मोठ्यानं बोलतात, नाही तर बोलतच नाहीत. मोठ्यानं बोलणारे कानासाठी आलेले असतात, न बोलणारे वाचेसाठी. माजी सैनिकांसाठी चालवलेल्या एका छोट्या रुग्णालयात श्रवण आणि वाचा विभाग मी सांभाळते. मारुंजीच्या रस्त्याला आमची इमारत आहे. बाहेर हिंजवडीला जाणाऱ्या कॅबचे हॉर्न आणि टेंपोंची घरघर चालू असते आणि आत जाड दाराची आवाजबंद खोली. त्या खोलीत शिरलं की नवीन माणूस थोडा घाबरतो. कुणी तोफखान्यात होतं, कुणी रणगाड्यावर. कुणाला निवृत्तीनंतर अर्धांगवायूचा झटका येऊन जीभ जड झालेली असते.

माझ्या हाताखाली दोन तरुण मुली आहेत. तपासणी, कानाचा साचा, मशीन लावणं हे त्या माझ्यापेक्षा झटपट करतात. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, की मशीन कानात बसलं म्हणजे काम संपलं नाही. आपली निम्मी मशिनं घरी कपाटात पडून असतात, आणि ती तिथं का गेली हे शोधणं हेही आपलंच काम आहे.

धरणाकाठच्या एका गावातले हवालदारसाहेब आले तेव्हा त्यांच्याकडेही असंच कपाटातलं एक जुनं मशीन होतं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं, पाठ मात्र ताठ. नोकरी सगळी तोफखान्यात झालेली. मुलगा हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो आणि मारुंजीतच राहतो, त्यानं आणून सोडलं होतं. मी तपासणी करून आलेख समोर ठेवला.

"बारीक, उंच आवाज तुमच्या कानातून गेलेत," मी मोठ्यानं, सावकाश सांगितलं. "पुरुषांचं बोलणं थोडंफार कळतं. बायकांचं आणि लहान मुलांचं कळत नाही."

त्यांनी आलेखाकडं पाहिलं. "म्हंजी घरचीचाच आवाज बंद झाला म्हना की. मला वाटायचं तीच हळू बोलतीया."

"त्यांना आणलं नाहीत बरोबर?"

"भाताची झोडणी चाललीया. ती न्हाई यायची."

घरातलं माणूस सोबत आणावं असा आमचा आग्रह असतो, पण सुगीत तो कुणी पाळत नाही. मी नवं मशीन लावून दिलं. कानामागं बसणारं, लहानसं. नवीन मशीन लावलं की सगळेच आवाज अंगावर येतात, भांडी, पंखा, स्वतःची चप्पल. म्हणून मी सांगितलं, "लगेच बाजारात जाऊ नका. आधी घरी, शांत जागी लावा. संध्याकाळी एका माणसाजवळ बसा आणि त्याचं बोलणं ऐका. कान हळूहळू शिकतो."

हवालदारांनी हुकूम घेतल्यासारखी मान हलवली.

पुन्हा आले ते थंडीत. मफलर सोडला, कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबी माझ्या टेबलावर सरकवली.

"मॅडम, मशीन चांगलं हाय. पर मला नको."

"टोचतं का? शिट्टी वाजते?" मी पुन्हा मोठ्यानं, सावकाश विचारलं.

"न्हाई. लई झ्याक ऐकू येतंय. म्हनूनच नको."

माझी सहकारी कागदावर 'मशीन परत' असं लिहायला लागली होती. मी तिला हातानंच थांबवलं आणि जरा बाहेर जायला सांगितलं. मग मी नुसती बसून राहिले. असल्या वेळी प्रश्न विचारला की माणूस उत्तर देऊन सुटतो, आणि खरी गोष्ट आत राहून जाते.

मग ते बोलायला लागले.

मी सांगितल्याप्रमाणं ते रोज संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसत होते. थंडी होती, कानाला मफलर गुंडाळलेला, त्यामुळं मशीन दिसत नव्हतं. आधीचं मशीन त्यांनी कधी वापरलं नव्हतं. हेही दवाखान्यापुरतंच असेल असं बायकोनं धरलं होतं. ती शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलायची, आणि सोलता सोलता बोलायची. नवऱ्याशीच, त्यांच्याकडं बघून. पण त्यांना ऐकू येत नाही हे धरून.

"पयल्या दिशी मला हसू आलं," ते म्हणाले. "म्हनत व्हती, तोफा डागल्या म्हन्त्यात, पर पोराकडं गेलं की सुनंला चा मागायला भित्यात. मी तोंड फिरवून हसलो. वाटलं, दोन दिस गंमत ऐकावी, मंग सांगावं."

"मग?"

"मंग ती पोरीचं बोलाया लागली."

त्यांची पहिली मुलगी लहान असताना तापानं गेली होती. हवालदार तेव्हा सीमेवर होते. पौडच्या दवाखान्यात न्यायला माणसं निघाली आणि वाटेतच ती गेली. पुढं ते रजेवर आले, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी त्यांच्या बायकोला बजावलं होतं की त्याला परत सीमेवर जायचंय, त्याच्यासमोर रडायचं नाही, त्याचं मन मोडायचं नाही. ती रडली नाही. त्यांनीही विषय काढला नाही. त्यांना वाटलं, ती सावरली आहे, आपण कशाला खपली काढायची. पुढं मुलगा झाला, बदल्या झाल्या, निवृत्ती आली. मग कान गेले. आणि ते पुरते बहिरे झाले आहेत असं तिला वाटायला लागलं, तेव्हा ती बोलायला लागली.

"किती वर्सं बोलतीया काय ठावं," ते म्हणाले. "रोजच न्हाई बोलत. कवा गुडघं दुखत्यात ते सांगती, कवा शेजारनीचं. मदीच पोरीचं सांगती. पोरगी कशी दारात उभी ऱ्हायची, आबा कवा येनार म्हनायची. तिला गोडाचं काय आवडायचं. मला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं, मॅडम."

त्यांनी मफलरची घडी घातली आणि परत मोडली.

"आता मी काय करू सांगा. मला ऐकू येतंय म्हनून सांगितलं, तर ती गप बसंल. न्हाई सांगितलं, तर मी चोरून ऐकतुया. रोज वाटतं, उद्या मशीन लावायचं न्हाई. आनि रोज लावून बसतो."

श्रवणशास्त्राच्या कुठल्याही वर्गात हे शिकवत नाहीत. मी एवढंच म्हणाले, "मशीन मी परत घेत नाही. ऐकण्याचा हक्क तुमचा आहे. पण आपलं बोलणं कोण ऐकतंय, हे कळण्याचा हक्क त्यांचा आहे. कसं सांगायचं ते मला माहीत नाही. तुम्ही त्यांना ओळखता."

ते डबी घेऊन गेले. पुढचे काही दिवस माझं मन लागलं नाही. आपण त्यांच्या घरात नको तिथं हात घातला असं वाटत राहिलं. रोजच्या गर्दीत हळूहळू ते मागं पडलं.

मग एके दिवशी सकाळी त्यांची बायको आली. मुलानं दोघांनाही आणलं होतं, पण नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटी आत आली. काठापदराचं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"ह्यांना ऐकू येतंया हे तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"ते त्यांनीच सांगायला हवं होतं. तुम्ही त्या दिवशी आला असतात, तर तुमच्यासमोरच मशीन लावलं असतं."

ती खुर्ची ओढून बसली. पदरानं तोंड पुसलं आणि काय झालं ते सांगितलं.

नेहमीप्रमाणं ती ओट्यावर बसून बोलत होती. एक प्रश्न ती नवऱ्याला वर्षानुवर्षं विचारत आली होती, उत्तर येणार नाही हे माहीत असताना. तुमी हितं असता, तर पोरगी वाचली असती का वो? त्या दिवशीही तिनं तो विचारला, आणि शेजारून आवाज आला, "मला न्हाई सांगता येत. पर मी असाया पायजे व्हतो."

"सूप हातातून सुटलं माज्या," ती म्हणाली. "आदी वाटलं, भास झाला. मंग ह्यांनी मफलर सोडून कान दावला. लई राग आला, बाई. माजं होतं नव्हतं ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मी जेवाया वाढत व्हते, पर त्यांच्याशी एक शबुद बोलले न्हाई. चुलीपुढं बसून ऱ्हायचे. ओट्यावर जायाची सोयच ऱ्हायली न्हाई. इतकी वर्सं तेवढी एक जागा व्हती मला."

"आणि ते?"

"ते काय करत्यात. ओट्यावर बसत्यात एकटंच. शेंगा सोलत्यात. सोलाया येत न्हाई नीट."

हे सांगताना तिचा आवाज जरा मऊ झाला होता. मग लगेच सावरून म्हणाली, "हे मशीन बंद कसं करायचं ते मला दावा. त्यासाठीच आलीया."

मी बाहेर बसलेल्या हवालदारांकडून मशीनची डबी मागवली. मशीन तिच्या हातात दिलं. बॅटरीचं दार कसं उघडायचं, आवाज कमी-जास्त कसा करायचा, कानात कसं बसवायचं, सगळं दाखवलं. शेतात राबलेली तिची बोटं, पण पहिल्याच खेपेला तिला जमलं. मशीन नीट चालतं का हे बघायला आमच्याकडं एक नळी असते, डॉक्टरांच्या छाती तपासायच्या नळीसारखी. ती मशीनला जोडून दोन्ही कानांत घातली की रुग्णाला कसं ऐकू येतं ते आपल्यालाही कळतं. मी ती तिच्या कानांत घातली आणि मशीन तिच्या तोंडाजवळ धरलं.

"बोला काहीतरी."

तिनं हळूच एक नाव घेतलं. मुलीचं असणार. स्वतःचाच आवाज कानात ऐकून ती दचकली. पुन्हा एकदा तेच नाव घेतलं, आणखी हळू.

"असं ऐकू जातं व्हय त्यांना?"

"साधारण असंच."

"एवढं हळू बोललं तरी?"

"हो."

तिनं नळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बोलवा त्यांला."

हवालदार आत आले ते शिक्षेसाठी उभं केल्यासारखे. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, टोपी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि मशीन स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवलं. जरा वाकडं बसलं होतं. मी ते सरळ केलं नाही. दार ओढून घेऊन बाहेर आले. पुढच्या रुग्णांना दुसऱ्या खोलीत घ्यायला सांगितलं, आणि तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात उभ्या उभ्याच कामं उरकली. आतून मधूनमधून तिचा आवाज येत होता. एकदा त्यांच्या रडण्याचा आला. त्याच्याही आतली तपासणीची खोली आवाजबंद होती, पण तिथं जा म्हणून सांगायला मी गेले नाही.

बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "येते, बाई. झोडणी संपलीया, आता यायला येळ हाय."

त्यानंतर ती दर खेपेला यायला लागली. त्यांच्यात काय ठरलं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. ती अजून ओट्यावर बसते. काही गोष्टी त्यांनी ऐकाव्या असं तिला वाटतं. काही अजूनही वाटत नाही. तसं वाटलं की ती सरळ म्हणते, आता काढा, मला बोलायचंय. ते निमूट मशीन काढून तिच्या हातात देतात. पहिल्यांदा हे सांगताना हवालदार जरा ओशाळले होते. मी म्हणाले, "बरोबर आहे." मला ते खरंच बरोबर वाटलं.

विभागात मी एक बदल केला. आता नवं मशीन पहिल्यांदा चालू करताना घरातलं माणूस समोर असावंच लागतं. सुगी असली तर सुगी संपेपर्यंत थांबतो. पहिला आवाज मशीनमधून जातो तो आमचा नाही, त्या माणसाचा. माझ्या सहकाऱ्यांना सुरुवातीला हे वेळखाऊ वाटलं. मी कारण सांगितलं नाही, फक्त करायला लावलं. नंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात हवालदार तपासणीला आले, तेव्हा म्हणाले, "मॅडम, गोंगाटात जरा कमी कळतंय. ते नीट करून द्या."

"बाजारात?"

"न्हाई. रिसॉर्टात."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. मुलीला जिथं पुरलं होतं, ती जागा त्यांना कुणी कधी दाखवली नव्हती, आणि त्यांनीही विचारली नव्हती. आता विचारली. ओढ्याच्या वरच्या अंगाला उंबराखाली ती जागा होती. ते रान कुणीतरी केव्हाच विकलं, आणि तिथं आता सुट्टीच्या दिवशी पुण्याची माणसं येऊन राहतात. कुंपण आहे, फाटक आहे. दोघं जाऊन तिथल्या मॅनेजरला भेटले. तरुण मुलगा होता, नांदेडकडचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आजोबा, गर्दी नसेल तेव्हा कधीही या, विचारायचं नाही.

"उंबर ऱ्हायलाय अजून," हवालदार म्हणाले. "जागा दावली तिनं. तितं बसलं की बोलती ती, पर त्यांच्या पवायच्या तळ्याकडं गानी लावलेली असत्यात. तिचं बोलनं गान्यात बुडतंय."

मी मशीन संगणकाला जोडलं. मागून येणारा आवाज दाबून समोरचा, जवळचा आवाज उचलणारी एक रचना त्यात बसवता येते. बरोबर आलेल्या त्यांच्या बायकोला समोर बसवलं, मागच्या स्पीकरवर गाणी लावली आणि हळूहळू मोठी करत गेले. ती बोलत राहिली, गुडघ्याचं, पावट्याचं, सुनेचं. ते मान हलवत राहिले. गाणी अगदी मोठी झाली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"आता ठेवा असंच. ऐकू येतंय."