दुसऱ्याचं वावर

श्रद्धा इंगोले मूळची वाशीमकडची. मंगरूळपीरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की तिचं खेडं लागतं. तिथे तिच्या वडिलांची, रंगनाथ इंगोल्यांची, चार एकर बरड जमीन आहे. शेताला तिकडे वावर म्हणतात. त्या वावरावर आणि आई कौशल्याच्या शिलाई मशीनवर श्रद्धा शिकली, पुण्यात आली आणि खराडीतल्या एका कंपनीत लागली. राहायला येरवड्यात, तिघी मुलींत एक फ्लॅट.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, शेजारच्या टेबलावरच्या तेजस्विनीने विचारलं, "वाशीम म्हणजे नक्की कुठे गं? तिकडे पाऊस पडतो, की तुम्ही नुसता पेपरात वाचता?"

सगळे हसले. श्रद्धाही हसली. तेजस्विनी मनाची वाईट नव्हती. जन्माची पुण्याची होती, एवढंच. पण श्रद्धाला ते लागलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आमची संत्र्याची बाग आहे."

बाग होती, पण गावातल्या दुसऱ्या एकाची. लहानपणी ती आईबरोबर तिथे संत्री तोडायला मजुरीने जायची. त्या दिवसापासून ती बाग तिची झाली. पुढे बागेला विहीर आली, विहिरीवर दोन गडी आले. खोटं बोलायला बसावं असं तिने कधी ठरवलं नाही. कोणी काही विचारायचं आणि मागचं सांभाळायला पुढचं सांगावं लागायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. गावी प्यायच्या पाण्याचे हाल झाले. आई फोनवर म्हणायची, "हंडाभर पाणी दोन दिवस पुरवतो बाई." इकडे ऑफिसात मात्र बागेचे फोटो कोणी मागेना. दुष्काळात कसले फोटो! हे सोयीचं झालं, असं एकदा श्रद्धाच्या मनात येऊन गेलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला. पुण्याकडे वेळेवर आला, वाशीमकडे उशिरा आला, पण असा आला की रंगनाथरावांनी भर दुपारी कामाच्या वेळेत फोन केला. एरवी ते असा फोन करत नसत.

"पाणी आलं वं बाई! नाल्याले पूर गेला! आयकू येते का तुले?"

त्यांनी फोन पावसात धरला होता. तिला नुसता खरखराट ऐकू आला.

आठ-दहा दिवसांनी धाकट्या भावाच्या, अभिनवच्या, फोनवरून फोटो आले. ते बाबांनी स्वतः काढले होते. ओली काळपट माती, तिच्यात तुरीच्या दोन-दोन पानांच्या ओळी, एका फोटोत अर्धं आभाळ आणि बाबांचा चिखलाने भरलेला पाय. श्रद्धाने "छान" असं लिहिलं, वर एक अंगठा टाकला आणि फोटो कोणाला दाखवले नाहीत. दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

तेवढ्यात ऑफिसात गणपतीच्या निमित्ताने फोटोंची स्पर्धा निघाली. विषय होता, 'माझ्या गावचा पाऊस'. तेजस्विनी म्हणाली, "आता तरी तुझी बाग बघायला मिळू दे. की ती कागदोपत्रीच आहे?"

शनिवारी श्रद्धा स्कूटरवरून सोलापूर रस्त्याने निघाली. मनाशी म्हणत होती, नुसतं फिरून येऊ. पण मैत्रिणीचा चांगला कॅमेरा मागून घेतला होता, तो काही नुसत्या फिरण्यासाठी नव्हता.

लोणी काळभोरच्या पुढे आत वळल्यावर एका शेतापाशी तिने स्कूटर थांबवली. पावसाने सगळा परिसर धुऊन काढला होता. पिवळ्या-केशरी झेंडूचे पट्टे, त्यांना लागून जांभळं अॅस्टर, मधेच लालभडक कोंबड्याची फुलं, पलीकडे उसाचा गर्द हिरवा पडदा आणि त्याच्यावर निळसर डोंगर. दोन वर्षं ह्या डोंगरांवर गवताची काडी नव्हती. बांधावर साठीचे एक गृहस्थ खुरपं घेऊन बसले होते. हिंदुराव त्यांचं नाव. तिने परवानगी विचारली.

"काढा की! फोटू काढून फुलं थोडीच कमी हुत्यात? कुठल्या म्हनायच्या तुम्ही?"

"वाशीमकडची."

"तिकडं झाला का पाऊस?"

"झाला."

"मंग तुमचं रान बी असंच फुललं आसंल," हिंदुराव म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हो," श्रद्धा म्हणाली.

तिने खूप फोटो काढले. त्यातला एक नुसता पाहत राहावा असा आला. झेंडूच्या ओळीत एक बाई वाकून फुलं तोडत होती. डोक्यावर पिवळा पदर, हातात केशरी ढीग, मागे जांभळी पट्टी, वर धुतलेलं आभाळ. ती हिंदुरावांची बायको, शकूबाई. फोटो लांबून काढला होता. शकूबाईंना पत्ताही नव्हता.

घरी येऊन श्रद्धाने तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचं वावर'. क्षणात कौतुक सुरू झालं. तेजस्विनीने लिहिलं, "बाप रे! मी माझे शब्द मागे घेते. आणि ही कोण, आई का?"

नाही म्हणता आलं असतं. शेजारीण आहे, कामाला आलेली बाई आहे, काहीही सांगता आलं असतं. श्रद्धाने अंगठ्याने एकच अक्षर टाइप केलं. "हो."

त्या फोटोला पहिला नंबर मिळाला. कंपनीने तो मोठा करून कँटीनच्या भिंतीवर लावला आणि 'श्रद्धा आणि तिची आई' असं लिहून आपल्या फेसबुकच्या पानावरही टाकला. कोणीतरी त्यावर श्रद्धाचं नाव जोडलं. तो फिरत फिरत अभिनवच्या फोनवर गेला. त्याने ताईला काही न विचारता तो आईला दाखवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. श्रद्धाने हॅलो म्हणण्याआधीच तिला कळलं होतं. आई रागावली नाही. थोडं हसल्यासारखं करून म्हणाली, "पाह्यली वं मी ते बाई. चांगली हाय. माह्यापेक्षा उजळ हाय. लुगडंही चांगलं हाय तिचं."

"आई, ते तसं नाही गं..."

"राहू दे. पुण्यात चार लोकांत राहा लागते तुले. समजते मले."

"बाबा कुठे आहेत?"

"वावरात गेले."

बाहेर अंधार पडला होता. अंधारात बाबा वावरात काय करत असतील, हे विचारायची श्रद्धाची हिंमत झाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती फोन करी तेव्हा बाबा वावरात गेलेलेच असत.

शेवटी एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली आणि टेबलावरच्या सगळ्यांना म्हणाली, "ते शेत आमचं नाही. लोणीचं आहे. ती बाईही माझी आई नाही."

बाग, विहीर, गडी, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. तेजस्विनीने डबा बंद केला आणि म्हणाली, "शेताचं समजू शकते. आई कशाला बदललीस?"

श्रद्धा तशीच तिथून निघाली. फोटो काढून टाका म्हणून ती संबंधित माणसाकडे गेली, तर तो म्हणाला, फोटो छान आहे, राहू दे. नाव तेवढं काढतो. नाव निघालं, फोटो राहिला. चहाला जाताना रोज शकूबाई तिच्यासमोर वाकलेल्या असत. श्रद्धा मान खाली घालून कप भरून घेई.

दसऱ्याच्या आधी आई पुण्याला आली. बोलावलं नव्हतं. सकाळी खराडीच्या बायपासला ट्रॅव्हल्समधून उतरली ती हातात पिशवी आणि अंगावर मामाच्या लग्नात घेतलेली मोरपंखी साडी, घडीच्या रेघा अजून न मोडलेली.

"एवढ्या प्रवासाला ही साडी?" श्रद्धाने विचारलं.

"बसमधीच बदलली, उतराच्या आधी. मले ते बाई पाहायची हाय. चांगलं नको का दिसाले?"

श्रद्धाने नाना कारणं सांगितली. आईने एकही ऐकलं नाही. दुपारी दोघी लोणीला पोचल्या. सणाची तोडणी चालली होती, बांधावर फुलांची पोती रचली होती. हिंदुरावांनी श्रद्धाला ओळखलं. "या, या! आईला घिऊन आला व्हय?"

आई सरळ शकूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "माह्या लेकीनं तुमाले आपली माय सांगतलं पुण्यात. फोटो काढून."

"आगं बया! मला?" शकूबाई आधी हसल्या. मग दोघींची तोंडं पाहून त्यांचं हसू ओसरलं. श्रद्धाकडे वळून त्या म्हणाल्या, "मला इचारलंबी न्हाईस, बाई. आन् हिलाबी न्हाई."

श्रद्धा म्हणाली, "चुकलं माझं." आवाज इतका बारीक निघाला की हिंदुरावांनी "काय म्हनली?" म्हणून विचारलं. तिला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

शकूबाईंनी विषय वाढवला नाही. त्यांनी आईला पाणी दिलं, तिकडे पीक काय, पाऊस कसा, हे विचारलं. आई तूर सांगू लागली. सांगता सांगता तिने मोरपंखी साडीचा पदर खोचला आणि शकूबाईंच्या शेजारच्या ओळीत वाकून फुलं तोडायला लागली. रिकाम्या हाताने बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. दोन बायका, दोन ओळी, वर उतरतं ऊन. श्रद्धा बांधावर उभी होती. तिला वाटलं, हा फोटो काढावा, कंपनीत त्या फोटोच्या जागी लावावा, म्हणजे सगळं नीट होईल. तिने फोन वर केला.

आई वाकूनच होती. तशीच मान वळवून म्हणाली, "नको काढू. हे आपलं वावर नाही."

श्रद्धाने फोन खिशात टाकला. काय करावं ते तिला सुचेना. मग चपला काढून ती तिसऱ्या ओळीत उतरली. आईने बाजूला सरकून तिला टोपली दिली.