आत्याच्या रक्तातला डूख

कर्जत तालुक्यातल्या कुस्त्यांच्या हगाम्यांत गहिनीनाथमामांनी कुणाला चीत केल्याचं ऐकिवात नाही. त्यांचे सगळे डाव घरी, बायकोवर, म्हणजे आमच्या गोजरआत्यावर चालायचे. एकदा भाकर करपली म्हणून त्यांनी पोटुशी आत्याच्या ओटीपोटात लाथ घातली. पोर गेलं. आत्या चुलीपुढं रक्तात पडलेली, आणि हे पैलवान दुसरी भाकर मागत होते.

आत्यानं कधी हात उगारला नाही. गाव म्हणायचं, गरीब गाय.

पुढं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. मामा मिशीला पीळ देत पुढं झाले. "माझी घे गोजरे. मग जन्मभर उपकारात ऱ्हाशील."

डायलिसिसनं खंगलेल्या आत्यानं मान डोलावली. जगायचं तर होतं.

नगरच्या दवाखान्यात, जुळतंय का बघायला, नळीत तिच्या रक्तातलं पाणी आणि मामांच्या पेशी एकत्र केल्या. कत्तल! मामांच्या पेशी पटापट फुटून मेल्या.

"ही किडनी बसवली तर टेबलावरच काळी पडेल," डॉक्टर म्हणाले. "पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्यांच्यावर बापाची खूण असते. आईच्या रक्तातल्या 'बी' नावाच्या पेशी ती खूण लक्षात ठेवतात. त्यातल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात. त्या हाडाच्या मगजात ठाण मांडून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडतात. त्या खुणेचे मारेकरीच म्हणा."

"मंजी डूख धरलाय," आत्या म्हणाली. "गेलेल्या पोरानं."

"रक्त धुता येतं. पण प्लाझ्मा पेशी चिवट, पुन्हा प्रतिपिंडं सोडतात."

"मग धुवा की!" मामा गरजले.

"न्हाई," आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ द्या त्यांना."

शेवटी माझ्या वडलांनी बाही वर केली. "माझं बघा, डॉक्टर. भाऊ हाय मी तिचा."

बहिणीच्या रक्तानं भावाला बोटही लावलं नाही.

नवी किडनी ओटीपोटात बसवतात, पुढच्या बाजूला, कातडीच्या जरा खाली. आत्या घरी आली, चुलीपुढं बसायला लागली. एका दुपारी कालवण अळणी लागलं म्हणून मामांनी ताट भिरकावलं आणि पाय उचलला. नेम जुनाच.

आत्यानं लोखंडी फुंकणी फिरवली. नडगी अशी कडाडली की बाहेरची कुत्री उठली. हाड कातडी फाडून बाहेर, आणि हगाम्यात पडायचे तसे मामा उताणे.

"गोजरे, मेलो! दवाखान्यात ने!"

"नेते. थांबा जरा," आत्या म्हणाली. "भाकर करपल."