रुसलेली लेन्स

जुन्या जालन्यातल्या लग्नांत तो फोटो काढायचा, मी व्हिडिओ. नवरीच्या बापालाही "जरा सरका, पाहुणे" म्हणून बाजूला करणारा माणूस. एकदा त्याची नवीकोरी ऑटोफोकस लेन्स अंतरपाटापुढं नुसतीच घर्रघर्र फिरू लागली. मंगलाष्टकं संपत आली होती.

"जुनी लाव," मी म्हटलं.

"न्हाई! ही लेन्स म्हंजे नवा जावई, रुसून राह्यला. कोऱ्या कापडावर त्याला फोकस धरायला काहीच न्हाई." मग तो ओरडला, "मामा, अंतरपाटावर स्वस्तिक काढायचं राह्यलं! कुंकू आणा, जल्दी!"

भटजी वरमून थांबले. स्वस्तिक उमटताच लेन्स जागेवर आली. अंतरपाट सरकला आणि नवरीची वर उचललेली नजर त्यानं बराबर टिपली.

"माझ्या लेन्सला शास्त्र कळतं!" तो गरजला.

नवरीच्या आजीनं टिळा लावायला कुंकवाचं बोट लेन्सकडं नेलं. त्यानं चटकन झाकण लावलं आणि मान तुकवून लेन्स पुढं केली.