उपग्रह डोक्यावर आणि मी माईकवर

हसायचं नाही हं, आधीच बजावतो! चहा ओता, मग सांगतो माझी शोभा कशी झाली ते.

मी शिरवळला एका छोट्या कंपनीत आहे. जेवणाच्या डब्याएवढ्या उपग्रहांसाठी आम्ही घडीचा अँटेना बनवतो. वर जाताना मिटलेला, वर पोचला की आपोआप उघडणार. पहिलाच अँटेना वर गेला. उघडला का, हे कळायचं कसं? उपग्रह डोक्यावरून जाताना त्याचा सिग्नल पकडायचा. दहा मिनिटांत तो पसार!

नेमकं त्याच दिवशी वाऱ्यानं कंपनीच्या गच्चीवरचं सिग्नल पकडायचं यंत्र मोडलं. मी रजेवर, रहिमतपूरजवळ गावी. हातात धरायचा अँटेना आणि रेडिओ तेवढा मिरवायला घेऊन आलेलो. आमच्या साहेबांचा, म्हणजे मॅडमचा फोन आला.

"आज उपग्रहाचा आवाज नाही आला तर गिऱ्हाईकाची ऑर्डर गेलीच समज. तू पकडशील ना?"

"निर्धास्त राहा मॅडम!"

हे घरात सांगितलं, गावभर झालं आणि मी फसलो. संध्याकाळी देवळासमोर मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर! सरपंच आबा फेटा घेऊन हजर.

"आवं आबा, ह्ये काय?"

"गावचं पोरगं आभाळातल्या यंत्राशी बोलणार, आन सत्कार न्हाई? नाक कापलं जाईल की रं गावाचं! दोन मिंटात उरकतो गड्या."

तेवढ्यात मॅडमचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "फोन चालूच ठेव, गिऱ्हाईकही लाइनवर आहे." फोन खिशात घातला, अँटेना खुर्चीवर ठेवला. मनात म्हटलं, आबांची दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास!

पण आबांनी शब्द पाळला की हो. फेटा, शाल, नारळ, आणि बसलेसुद्धा! माईक आला माझ्या हातात.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माईक धरला की स्टेजवरच्या एकेकाचं नाव घ्यायचं. एक सुटला तर जन्माचा अबोला! आबा घेतले, सोसायटीचे चेअरमन घेतले, पोलीस पाटील घेतले. माजी चेअरमन डोळे वटारायला लागले, त्यांनाही घेतलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला ते लय आवडायला लागलं! तालमीतले वस्ताद घेतले, मंडपवाला घेतला, मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारा मामासुद्धा घेतला.

आबा शाल ओढायला लागले.

"थांबा की आबा, आत्ता कुठं रंगात आलोय!"

"आरं बाबा, त्ये तुजं यंत्र!"

घड्याळ बघितलं. नारळ टाकला, अँटेना उचलला, फेटा डोळ्यांवर आला. रेडिओ नुसता खरखरत होता. उपग्रह कधीच निघून गेला होता.

खरंच रडू आलं हो. फोन कानाला लावला.

"मॅडम, चुकलो. ऑर्डर गेली का?"

"पहाटे तो पुन्हा येतोय. गिऱ्हाईक थांबतंय तोवर. हसून हसून त्यांना बोलताच येईना."

जीव भांड्यात पडला. "तुम्ही रागावला नाहीत ना?"

"उपग्रहाचं जाऊ दे रे. मंडपवाल्याचंसुद्धा नाव घेतलंस, माझं तेवढं राहिलं!"