जासूस मागच्या बोळीनं का जायचा

माझा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि त्याला कशाचाही नकाशा करायची खोड आहे. मिसळ कुठं चांगली मिळते त्याचा नकाशा, लेकीच्या शाळेच्या वाटेवरल्या खड्ड्यांचा नकाशा. मागच्या दिवाळीत गावी आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मला म्हणाला, "अक्का, आपण जासूसाचा नकाशा करू."

मी म्हटलं, "अरे, आधी हातपाय धू."

जासूस म्हणजे आमच्या मायनं मनानं उभा केलेला माणूस. आम्ही लहान असताना शाळा सुटली की माय आम्हाला कापूस वेचायला रानात न्यायची. आम्ही दोघं एक नंबरचे कामचुकार. हात थांबले की माय जासूस काढायची. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, काखेत छत्री. चोरांनी निजामाची पेटी पळवलेली असायची आणि ती पिंगळी टेशनातून गाडीनं निघणार असायची. जासूसानं गाडी सुटायच्या आत पोचायचं, एवढंच काम. तो आमच्याच घराच्या मागच्या दारानं निघायचा. आडाकडून बोळीत, बोळीतून कुंभाराच्या भट्टीमागं, तिथून ओढा, ओढ्यातून हिंगणाच्या झाडाखाली, मग काट्याकुट्यातून टेशनाच्या कुंपणाच्या तारेपर्यंत. वाटेत साप, विंचू, चोरांचे कुत्रे, रोज नवं काही. आणि तारेपाशी पोचला रे पोचला की शिट्टी. माय म्हणायची, "गेली गाडी. चला, पात धरा." की आम्ही पुन्हा आपापल्या ओळीत.

आम्ही चिडायचो. मी तर कापसाची ओटी आपटायचे. "अगं, पण तो पारावरून का जात नाही? समोरून सरळ टेशन आहे!"

"जासूसाला तिथून जाता येत न्हाई."

"का?"

"लोकं बघतेत."

जासूस म्हटल्यावर लपणं आलंच. आम्हाला ते पटायचं.

तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, रान बटईनं दिलं होतं आणि दिवाळीनंतर भाऊ मायला कायमचं पुण्याला नेणार होता. तिथं त्याची लेक फोनवर आजीकडून रोज जासूस ऐकायची. तिनंच विचारलं होतं, हे सगळं खरंच आहे का, कुठं आहे, दाखवा. म्हणून हा नकाशा. मला मनातून बरं वाटलं. घराला कुलूप लागायच्या आधी मायचं एकदा सगळं बघून होईल, असं वाटलं. मी परभणीहून तीन साड्या घेऊन आले आणि राहिले.

माय आधी हसली. "येडे झालाव काय रे? ती माझ्या तोंडची गोष्ट हाय. त्याला कुठं जागा असतेत?" पण गुडघ्याला पट्टा बांधून गाडीत पुढं जाऊन बसली तीच आधी.

पहिल्यांदा गंगाखेड. काही गोष्टींत तिथं जासूस गोदावरीत बुडी मारून चोरांचं बोलणं ऐकायचा. माय घाटावर उभी राहून म्हणाली, हीच पायरी. भावानं फोनवर खूण टाकली. मग ताडकळस. ते तिचं माहेर. नेमका बाजार भरलेला. जासूस इथं गुळाच्या व्यापाऱ्याच्या वेषात यायचा. माय बाजारात अशी घुसली की आम्हाला ती सापडेना. पेरूवाल्याशी भांडली, बांगडीवालीची टिंगल केली, भर रस्त्यात उभं राहून जिलबी खाल्ली आणि बोटं चाटत सांगितलं, "हितून आला. असा, मधून. छाती काढून."

भाऊ म्हणाला, "इथं लोक बघत नव्हते का गं त्याला?"

"बघू दे की. हितं कशाला लपायचं? हे तर माझं गाव."

आम्ही दोघं खो खो हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आमचं गाव केलं. आड बुजलाय, पण त्याचा कट्टा आहे. भट्टीच्या जागी मोबाईलचा टॉवर आलाय. माय टॉवरकडं बघून म्हणाली, "जासूसाला ह्याचा लय उपयोग झाला असता." हिंगण अजून तसाच. इथं त्याला विंचू चावला, इथं कुत्रं मागं लागलं, इथं त्याचं मुंडासं बाभळीत अडकलं. मायला सगळं पाठ. दुपारी ओसरीवर बसून भावानं फोन पुढं केला. सगळ्या लाल खुणा गावाच्या भोवतीनं गेल्या होत्या, बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीसारख्या अर्धगोल. मध्ये पार, मारुती, चावडी, शाळा, दुकानं. तिथं एकही खूण नव्हती.

"याला काही अर्थ आहे का?" भाऊ म्हणाला. "येडाच होता जासूस. एवढा वेढा घालून गाडी कशी मिळेल?"

तेवढ्यात शेजारची सून स्कूटी काढून भर्रकन पाराकडं निघून गेली. डोक्यावर ओढणी, तीही उन्हासाठी. मी तिच्याकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं.

आमच्या गावात सुना पारावरून जात नसत. पारावर सासरे, चुलत सासरे, मोठे दीर बसलेले असायचे. पाण्याला, रानाला, कुणाच्या घरी जायचं तर मागच्या बोळीनं जायचं. फारच अडलं तर चपला हातात घ्यायच्या, पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीच्या कडेनं निघायचं. आम्ही या गावची लेकरं. मी तर पारावर सूरपारंब्या खेळले. लेकींना सगळा गाव मोकळा होता. माय कुठून येते, कुठून जाते, याकडं आम्ही कधी बघितलंच नाही. आणि ही रीत संपली तेव्हा कुणी दवंडी पिटली नाही. नव्या सुनांनी आपली आपण मोडली. मायला कुणी सांगितलंच नाही की बाई, आता तू पण जा.

"माय," मी विचारलं, "तू पारावरून कधी गेलीस?"

"मी? गेले की. वरातीत."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर माझं काय काम तिथं?" ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. "आता जाईन की पुण्याला जाताना. मोटारीत बसून."

माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव तापट आहे हे सगळं गाव जाणतं. वरातीत डोळे झाकून आत आली आणि आता काचा लावून बाहेर जाणार, मधली सगळी जिंदगी बोळीत! मी म्हटलं, "मोटारीत नाही. चालत जायचं. उद्या, माझ्यासोबत, मधून."

"काय येड लागलंय काय तुला? माणसं काय म्हणतील?"

"कोण म्हणेल? ज्यांची भीती होती ते सगळे वर गेले!"

"तोंड सांभाळ. तुझा आजा होता त्यात," माय म्हणाली आणि उठून आत गेली. भाऊ मला म्हणाला, "अक्का, कशाला बेजार करतीस तिला? जाईल मोटारीत." मी त्याला म्हटलं, तू गप. पण मलाही वाटलं, आता ही काही येत नाही. दोन दिवसांनी कुलूप लागेल आणि झालं.

सकाळी बघते तर माय इरकली नेसून, पट्टा बांधून तयार. भावाला म्हणाली, "पिंगळीची गाडी कधी हाय रे? त्या फोनमध्ये बघ." मग पुढचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. मी फक्त तिच्या चपला पुढं सरकवल्या. बोलले असते तर ती माघारी फिरली असती.

गल्ली संपून पार दिसला, तशी माय थांबली आणि वाकली. गुडघा दुखत असूनही वाकली आणि चपला काढून हातात घेतल्या.

"माय! घाल त्या पायात!"

"ऱ्हाऊ दे गं. पाय ऐकंना गेलेत."

पारावर दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती आणि गावनात्यानं तिचे धाकटे दीर लागणारे एक म्हातारे. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "वैनी? आज हिकडून कुठं निघालाव?"

मायचा पदर आपोआप पुढं आला होता. तिनं तो बोटभर मागं सारला. "टेशनावर जायलेय."

"जा, जा. ऊन व्हायच्या आत जा," म्हातारे म्हणाले आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले. पोरांनी तर मानही वर केली नाही.

मारुती गेला, चावडी गेली, शाळेची भिंत गेली. डांबरी रस्ता लागला आणि समोर टेशनची झाडं दिसली. मायनं मागं वळून बघितलं. पार तिथंच होता, म्हाताऱ्यांचा पांढरा पटका दिसत होता.

"एवढंच होतं व्हय?" ती म्हणाली.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. चपला घातल्या आणि टेशनाकडं चालू लागली. आम्ही पोचलो तेव्हा गाडीला बराच वेळ होता. तिथल्या बाकावर बसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तू कडेवर होतीस."

"कधी?"

"माझी माय गेली तवा. सांगावा आला, लय शिक हाय, लेकीचं नाव घ्यायलीय म्हणून. तुझा बाप ऊस घेऊन गंगाखेडला, कारखान्यावर. गाडी सुटायची येळ झालेली. सासू म्हणली, जा, पण मागून जा, मामंजी पारावर हाईत. तुला घेतलं आन् पळत सुटले. वढ्याला पाणी होतं. तू रडायली होतीस. हितं तारंपशी आले आन् शिट्टी झाली. डोळ्यापुढून गेली गाडी." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी गेले तर माती उरकली होती."

भाऊ फोन हातात धरून तसाच उभा. आम्ही कापसाच्या ओळीत बसून ज्या गाडीवर हसायचो, चिडायचो, ती ही गाडी होती. रोज नवा साप, नवा विंचू घालून माय तीच वाट पुन्हा पुन्हा चालत होती, आणि गोष्ट तिची स्वतःची असूनही तिनं जासूसाला कधी समोरून जाऊ दिलं नाही. तिच्या मनातही ती वाट तिला मोकळी नव्हती. मला आजोबांचा राग आला, आजीचा आला, त्या पाराचा आला. मी रडले. भर टेशनात, मोठ्यानं.

"गप बाई," माय म्हणाली. "तवा पण अशीच रडायली होतीस."

गाडी आली. उतरणारी दोन-चार माणसं उतरली. माय उठली, डब्यापाशी गेली आणि दाराच्या दांडीला हात लावून उभी राहिली. भावानं विचारलं, बसायचंय का? तिनं मान हलवली. आता तिकडं वाट बघणारं कोण होतं? शिट्टी झाली तेव्हा मी तिला धरून मागं घेतलं. गाडी निघून गेली तरी तिचा हात तसाच पुढं होता.

"टाक हितं खूण," ती भावाला म्हणाली. "पोरीला सांग, घावली म्हणून गाडी."

परतताना भाऊ म्हणाला, मी मोटार घेऊन येतो, गुडघा दुखेल. ती नको म्हणाली. पार जवळ आला तशी ती थांबली, खाली पायांकडं बघितलं. तिनं चपला काढल्या नाहीत. रस्त्याच्या मधून निघाली, आणि तिच्या चपला फटाक फटाक वाजत होत्या.