पिवळ्या पायपिंगचे कोट

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडते आणि दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येते. अण्णाला जाऊन चार वर्षं झाली. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? ठाऊक नाही. सुम्ने, उगाच.

अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही शिंपी, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या कोण जाणे. वहिनी लवकर गेली, माझं लग्न झालंच नाही, मी ऑफिसातून रिटायर झाल्यावर आम्ही दोघं एका घरात राहिलो — तो मशीनवर आणि मी त्याच्यावर खेकसत. पुढे शुगरनं त्याचे डोळे नेले. पिक्चरचं वेड तेवढं राहिलं. मोठा पिक्चर लागला की मॅटिनीला जायचं, त्यानं ऐकायचं आणि काय दिसतंय ते मी त्याच्या कानात सांगायचं. तो आधी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

मला त्या पिक्चरांचा वीट आला होता. खरंच सांगते, वीट. तुम्हाला नाही येत? आधी हिरोचे बूट. मग पाठ. मग केस उडवत मागे वळणं, आणि एका बुक्कीत दहा माणसं हवेत. शेवटी सगळं संपलं म्हणून चप्पल शोधावी तर पडद्यावर आकडा — पुढचा भाग येणार. पूर्वी शिट्ट्या तरी वाजायच्या. आता पुढच्या रांगेतला माणूस मोबाईल बघत बसायचा, म्हणजे पैसे देऊन मोबाईलच बघायला यायचा. अय्यो, मग मीही डोळे मिटायला लागले. ढोल वाजला की म्हणायचं, "बूट दाखवतायत." बासरी लागली की, "आई रडतेय." एकदाही चुकले नाही. वर्षभर मी त्याला डोळे मिटून पिक्चर दाखवले आणि तो समाधानानं मान हलवायचा.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर काहीच नाही.

डोळे पुरते जायच्या आधी अण्णानं एक शेवटचं काम घेतलं होतं. अशाच एका गाजलेल्या पिक्चरच्या दुसऱ्या भागाचं. तलकाडच्या वाळूत लढाईचं शूटिंग होतं, सैनिकांचे चाळीस कोट हवे होते. निळे, उभ्या कॉलरचे, कॉलरच्या कडेला पिवळी पायपिंग, म्हणजे बारीक गोट. त्यांनी दिलेल्या नमुन्यात कॉलर ताठ होती. अण्णा म्हणाला, उन्हात दिवसभर घालणार बिचारी माणसं, हनुवटीला टोचेल की. म्हणून त्यानं गळ्यापाशी कॉलरला छोटी चीर दिली आणि पायपिंग तिच्या दोन्ही कडांनी फिरवली. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या कोटांची काजं त्यानं बोटांनी चाचपून केली. मग सगळ्या गल्लीला सांगत सुटला — माझी कॉलर पडद्यावर येणार.

पिक्चर यायला दोन वर्षं लागली. आम्ही पहिल्याच दिवशी गेलो.

आणि मी डोळे मिटले. त्या दिवशीसुद्धा. झोप लागली असं म्हणायची सोय नाही, मी जागी होते. कोट आले की बघू, असं मनात म्हणत होते. पण ढोल, बूट, ढोल, किंचाळ्या — डोक्यात नुसती भणभण झाली होती. इंटरव्हलनंतर घोड्यांच्या टापा वाजल्या, त्या बराच वेळ वाजत राहिल्या. अण्णानं माझं मनगट घट्ट धरलं. "सुमे, वाळू आली ना? कोट दिसतायत?" मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर एक राजवाडा जळत होता.

मी बघितलंच नाही, एवढं सांगायला काय जात होतं? पण मग तो म्हणाला असता, उद्या परत येऊ. ते तीन तास मला पुन्हा नको होते. अष्टे. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "नाही रे अण्णा. सगळं सैन्य कॉम्प्युटरचं आहे. अंगात लोखंडी चिलखतं."

त्यानं मनगट सोडलं. "असू दे," म्हणाला.

मग गल्लीत त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं — नाही आले रे कोट, कॉम्प्युटरवर केलं सगळं. हसत सांगायचा. सगळ्यांना ते पटलंही. अशा पिक्चरांत आणखी काय असतं? माझं खोटं तो दारोदार खरं करून आला. त्यानंतर पिक्चरला चल म्हणून त्यानं मला कधी म्हटलं नाही. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं, ते कशाला लपवू?

सात-आठ महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, टीव्हीवर तोच पिक्चर लागला. अण्णा शेजारी बसून अवरेकाई सोलत होता. शेंगा त्याला बोटांनी कळायच्या. टापा वाजल्या. आणि वाळू आली. त्या वाळूतून निळे कोट चालत आले, एकामागून एक, भर उन्हात, सावकाश. कॅमेरा एका म्हाताऱ्या सैनिकाजवळ गेला. त्यानं पाणी पिण्यासाठी मान वर केली, आणि गळ्यापाशी कॉलर उघडली. पिवळ्या पायपिंगची ती चीर पडद्याच्या मधोमध होती.

अण्णाचे हात थांबले. "तोच पिक्चर ना गं हा?"

"हो," म्हटलं.

"माझी कॉलरच आवडली नसेल त्यांना. न विचारता चीर दिली मी. म्हणून काढून टाकले असतील कोट."

म्हातारा अजून पाणी पीत होता. मी त्याच्याकडे बघत होते. आतून सगळं कोरडंठाक होतं.

"असेल," मी म्हटलं.

तो पुन्हा शेंगा सोलायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, आवाज कमी कर. मी कमी केला.