कंद लावायची वेळ

“थंडी पडल्याशिवाय लावू नका हो ताई, कुजतील,” नर्सरीवाले काका फोनवर आईला सांगत होते. ट्यूलिपचे कंद मावशीने काश्मीरहून आणले. दोन महिने ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी आहेत आणि आई मला रोज बजावते, “कांदा समजून फोडणीत घालशील हं एखाद्या दिवशी!”

पुण्यात नोव्हेंबर संपत आला तरी दुपारी घाम येतो. कंद लावल्यावर फूल यायला आणखी दोन महिने लागतात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून आईसाठी त्याहून कमी दिवस सांगितले आहेत. कंदांची योग्य वेळ कुणीही सांगतं. ती माणसाच्या वेळेशी जुळत नसेल तर काय करायचं, हे काकांना विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

फोन ठेवून आईने शाल गळ्यापर्यंत ओढली. माझा कुर्ता पाठीला चिकटला होता आणि तिचे हात मात्र कापत होते.

“पडली की गं थंडी,” ती म्हणाली. “काकांना काय कळतंय? तुला नाही वाजत?”

“वाजतेय ना आई,” मी म्हणाले. “आजच लावूया.”